सॅटेलाइटवरून धरण, शिवार आणि जंगल कसं बघायचं: नवख्यांसाठी, सुरुवात उजनीपासून

रिमोट सेन्सिंग म्हटलं की लोकांना वाटतं इस्रोत नोकरी पाहिजे, नाहीतर लाखभराचं सॉफ्टवेअर तरी पाहिजे. दोन्ही नको. एक बरा लॅपटॉप, नेट आणि ज्या भागाची तुम्हाला पायी फिरून माहिती आहे असा एखादा भाग एवढं असलं की काम सुरू होतं, आणि यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे हे खाली वाचताना कळेलच. मी इथे उदाहरण म्हणून उजनी घेतोय, कारण पाणी, ऊस, गाळपेर, जलपर्णी, माळरान सगळं एकाच चौकटीत सापडतं आणि नवख्या माणसाला फसवायला जेवढं लागतं तेवढं सगळं तिथे हजर आहे. तुम्ही जायकवाडी घ्या, कोयना घ्या, गावचा पाझर तलाव घ्या, पायऱ्या त्याच.

आधी जागा आणि एकच प्रश्न

बहुतेक जण इथेच घसरतात. "मला आमच्या तालुक्याचं पर्यावरण बघायचंय" हा प्रश्न नाही. "नोव्हेंबरपासून मेपर्यंत भिगवणच्या बाजूचं पाणी किती मागे सरकतं" हा प्रश्न आहे. "आमच्या ओढ्यावर बंधारे झाल्यापासून उन्हाळ्यात हिरवं राहणारं क्षेत्र वाढलं का" हाही चालेल. प्रश्नात जागा पाहिजे, काळ पाहिजे आणि मोजता येईल असं काहीतरी पाहिजे. एवढं ठरलं की कुठला सॅटेलाइट, कुठल्या तारखा, कुठला फॉर्म्युला हे आपोआप ठरत जातं, नाहीतर दोन रात्री नुसती रंगीत चित्रं बघण्यात जातात (मजा येते, पण हाती काही लागत नाही).

थोडी थिअरी, टाळू नका

सॅटेलाइट म्हणजे नुसता वरून काढलेला फोटो नाही. आपल्या डोळ्याला लाल, हिरवा, निळा दिसतो, त्याच्या पलीकडे निअर इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड असे पट्टे असतात, त्यांना बँड म्हणायचं. निरोगी पान लाल उजेड खाऊन टाकतं आणि निअर इन्फ्रारेड भरपूर परत फेकतं. पाणी निअर इन्फ्रारेड जवळजवळ सगळं गिळतं, त्यामुळे त्या बँडमध्ये ते काळं दिसतं. कोरडी माती या दोघांच्या मध्ये कुठेतरी. बस, निम्मं रिमोट सेन्सिंग एवढ्यावर चालतं. आपल्याकडे याची सुरुवातच झाडांवरून झालीये: 1970च्या सुमारास शास्त्रज्ञ पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेऊन इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढले आणि रोग लागलेली झाडं वेगळी ओळखली. पुढे 1988 मध्ये आयआरएस-1ए हा आपला पहिला स्वतःचा रिमोट सेन्सिंग सॅटेलाइट गेला.

आता आपल्या कामाचे फुकट सॅटेलाइट कुठले. युरोपचा सेंटिनेल-2 हा पहिला, 2015 पासूनचा डेटा, 13 बँड, त्यातले निळा-हिरवा-लाल आणि निअर इन्फ्रारेड हे चार 10 मीटरचे, बाकीचे 20 आणि 60 मीटरचे. दोन सॅटेलाइट मिळून साधारण दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात, आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास. अमेरिकेचा लँडसॅट 30 मीटरचा, पण त्याची मालिका 1972 पासूनची आहे, म्हणजे वडिलांच्या काळातलं शिवार बघायचं असेल तर तोच. आणि सेंटिनेल-1 हा रडार, त्याचं पावसाळ्यात बघू.

10 मीटर म्हणजे नक्की किती? एक पिक्सेल 10 बाय 10, म्हणजे 100 चौरस मीटर. आणि आपला गुंठा 33 बाय 33 फूट, म्हणजे 101 चौरस मीटर. थोडक्यात सेंटिनेल-2 चा एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा! हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं. वीस गुंठ्याचं रान म्हणजे वीसेक पिक्सेल, त्यातले कडेचे बरेचसे बांध, झाडं आणि शेजारच्याचं पीक मिसळलेले, म्हणजे आतले स्वच्छ पिक्सेल उरले आठ-दहा. लँडसॅटचा एक पिक्सेल नऊ गुंठ्यांचा, तिथे छोट्या शेताचं काही खरं नाही. आणि चित्र जमिनीवर बसवताना एखाद्या पिक्सेलने इकडेतिकडे होऊ शकतं, त्यामुळे बांधाच्या भांडणात सेंटिनेलचं चित्र घेऊन जाऊ नका, मोजणीच आणावी लागेल.

पहिलं चित्र उघडा

सेंटिनेलची चित्रं बघायचं संकेतस्थळ म्हणजे कोपर्निकस ब्राउझर, ते सर्च करा, उघडा, फुकट अकाउंट काढा (लॉगिनशिवाय बघता येतं पण डाउनलोड आणि चार्ट नाही). सर्चमध्ये भिगवण टाका. डाव्या बाजूला व्हिज्युअलाइझ टॅब असतो, त्यात सेंटिनेल-2 एल2ए निवडा. एल2ए म्हणजे हवेतल्या धुक्या-धुरळ्याचा परिणाम काढून टाकलेला डेटा, एल1सी म्हणजे न काढलेला. तारखांची तुलना करायची असेल तर एल2एच घ्या. कॅलेंडर उघडलं की कुठल्या दिवशी चित्र आहे ते दिसतं, ढगांचा स्लायडर वीस-तीस टक्क्यांवर आणा.

पण ढगांचा टक्का हा आख्ख्या टाइलचा (चित्राच्या चौकोनी तुकड्याचा) असतो आणि टाइल साधारण 110 किलोमीटरची, म्हणजे 5 टक्के ढग लिहिलेत आणि ते नेमके तुमच्या गावावर असं होतं, आणि 60 टक्के ढग असून तुमचा तलाव लख्ख दिसतो असंही होतं. शेवटी डोळ्यानेच बघायचं. ढगाची सावली पण बघा, ती ढगापासून थोडी लांब पडते आणि पाण्यासारखी काळी दिसते.

पहिल्यांदा 2024च्या नोव्हेंबरमधली एखादी स्वच्छ तारीख घ्या, मग 2024च्याच मे महिन्यातली. 2023 ला पाऊस कमी झाला होता, 2024च्या उन्हाळ्यात उजनी खोल मायनसमध्ये गेली होती आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भरली, त्यामुळे फरक डोळ्यात भरेल असा आहे. बाहेरच्यांसाठी: मायनस म्हणजे पाणी संपलं असं नाही. उजनीत एकूण साठा 117 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास आणि त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, टक्केवारी त्या मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची सांगतात. सॅटेलाइटला प्लस-मायनस कळत नाही, त्याला फक्त पाणी कुठवर पसरलंय ते दिसतं. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरल्यावर उघडं पडतं, ते बघायला गर्दी होते, पण सेंटिनेलवर मंदिर शोधायला जाऊ नका, असला तर एखाददुसरा उजळ पिक्सेल असेल.

रंग बदला

ट्रू कलर बघून झालं की फॉल्स कलरवर क्लिक करा. यात निअर इन्फ्रारेड हा लाल रंगात दाखवतात, म्हणून हिरवंगार रान लालभडक दिसतं. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो "आग लागलीये का?" नाही, ऊस आहे. इंदापूर, करमाळा, माढ्याकडे धरणाच्या दोन्ही काठांनी जो लाल पट्टा दिसतो तो बराचसा ऊस आणि केळीचा, पाणी काळं-निळसर, आणि नांगरलेली काळी रानं राखाडी. मग शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचं कॉम्बिनेशन बघा, त्यात ओलं-कोरडं आणि जळालेलं चांगलं वेगळं होतं. या तीन चित्रांवर एक अख्खी संध्याकाळ घालवा, तुमच्या ओळखीच्या दहा जागा शोधा, शाळा, बाजार, मामाची विहीर, काहीही, आणि प्रत्येक जागा तिन्हीत कशी दिसते ते वहीत लिहा. कंटाळवाणं आहे पण ज्यांनी हे केलं नाही ते पुढे आकडे बघून काहीही अर्थ काढतात.

आकडे: एनडीव्हीआय आणि एनडीडब्ल्यूआय

नावं मोठी, गणित शाळेतलं. हिरवळ मोजायला एनडीव्हीआय = (बी8 − बी4) ÷ (बी8 + बी4), बी8 म्हणजे निअर इन्फ्रारेड आणि बी4 म्हणजे लाल. उत्तर −1 ते +1 मध्ये येतं. पाणी बहुतेक शून्याच्या खाली, उघडी माती 0.1-0.2, विरळ गवत-झुडूप 0.2 ते 0.4, जोमदार पीक 0.6 च्या वर, आणि उभा ऊस 0.8 पर्यंत. हे आकडे ढोबळ आहेत, माती आणि हंगामाप्रमाणे हलतात. आणि एका मर्यादेनंतर एनडीव्हीआय वाढतच नाही, रान पूर्ण झाकलं की ऊस कमरेएवढा आहे का डोक्याच्या वर गेलाय हे त्याला कळत नाही, त्यामुळे "एनडीव्हीआयवरून टनेज काढून देतो" म्हणणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारा.

पाण्यासाठी एनडीडब्ल्यूआय = (बी3 − बी8) ÷ (बी3 + बी8), हिरवा आणि निअर इन्फ्रारेड. शून्याच्या वर साधारण पाणी. याच नावाचा दुसरा एक फॉर्म्युला पण आहे, निअर आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा, तो पानातल्या ओलाव्यासाठी असतो. कोणाचा रिपोर्ट वाचताना नावावर जाऊ नका, कुठले बँड घेतलेत ते बघा.

दोन्ही ब्राउझरमध्ये रेडीमेड आहेत. तुमचं क्षेत्र पॉलिगॉनने आखा, त्याच्या शेजारी चार्टचं बटण असतं, दाबलं की गेल्या काही महिन्यांचा एनडीव्हीआयचा ग्राफ येतो, ढगांची मर्यादा लावायला विसरू नका नाहीतर पावसाळ्यात ग्राफ वेड्यासारखा वरखाली उड्या मारतो. एखाद्या शेताचा ग्राफ बघून पेरणी कधी, भर कधी, काढणी कधी हे सांगता येतं. खरीप-रब्बी असे दोन डोंगर दिसले तर दुबार पीक, वर्षभर वरच राहिला आणि एकदम धाडकन पडला तर बहुतेक ऊसतोड.

उजनी फसवते ती इथे

आता खरी गंमत. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरतात, गाळपेर. भुसभुशीत, ओलसर, कसदार जमीन, पीक पण झकास येतं. आता तुम्ही मार्चचा एनडीव्हीआय काढला आणि धरणाच्या पोटात 0.6 चा हिरवा पट्टा दिसला. जो माणूस तिथे कधी गेला नाही तो रिपोर्टमध्ये लिहिणार, जलाशयाच्या काठावरची नैसर्गिक वनस्पती वाढली. अहो, तो गाळपेरीचा हरभरा-मका आहे, पाऊस आला की पाण्याखाली जाणार.

दुसरी फसगत जलपर्णीची. पाण्यावर जलपर्णी पसरली की सॅटेलाइटला वरून पानंच दिसतात, खालचं पाणी दिसत नाही. एनडीडब्ल्यूआय म्हणणार पाणी नाही, एनडीव्हीआय म्हणणार मस्त पीक आहे. तुम्ही पाण्याचं क्षेत्र मोजलं तर तेवढं कमी भरणार, आणि कोणीतरी ओरडणार धरण आटलं. पाण्यात शेवाळ फार झालं तरी थोडं असंच होतं, निअर इन्फ्रारेड वाढतो आणि एनडीडब्ल्यूआय शून्याच्या आसपास घुटमळतो. पुराचं गढूळ पाणी आलं की अजून तिसराच आकडा.

मग करायचं काय? पाण्याच्या बाबतीत बी8 च्या जागी बी11, म्हणजे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, घेऊन बघा, गढूळ पाण्यात तो बऱ्याचदा जास्त नीट चालतो, फक्त तो 20 मीटरचा आहे. जलपर्णी आणि गाळपेर वेगळी करायची तर तारखा बघा: जलपर्णी वाऱ्याने सरकते, पाच-दहा दिवसांच्या दोन चित्रांत तिची जागा आणि आकार बदललेला असतो, गाळपेरीचं रान जागचं हलत नाही आणि त्याला सरळ कडा असतात. शिवाय नोव्हेंबरच्या चित्रात ती जागा पाण्याखाली होती का आणि एप्रिलमध्ये भोवती माती दिसते का हे पण बघा. म्हणजे उत्तर फॉर्म्युल्यात नाही, चार तारखा शेजारी ठेवण्यात आहे.

क्षेत्र मोजायचं, क्यूजीआयएसमध्ये

क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इन्स्टॉल करा, लाँग टर्म रिलीज म्हणतात तीच व्हर्जन घ्या, नवीनतम घेऊन रोज बिघडण्यात अर्थ नाही. मग:

ब्राउझरमध्ये चौकोन आखा. एका वेळी मर्यादित आकाराचंच चित्र मिळतं, आख्खं धरण 10 मीटरवर बसणार नाही, भिगवण-कुंभारगाव बाजूचा एक तुकडा घ्या. डाउनलोडच्या बटणावर जाऊन अ‍ॅनालिटिकल टॅब, टिफ 32 बिट फ्लोट, आणि खाली बी3 आणि बी8 निवडा. नुसता जेपीजी घेतला तर ते चित्र असतं, डेटा नाही, त्यावर गणित होत नाही.

कोऑर्डिनेट सिस्टिम निवडताना यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी पद्धत) झोन 43 उत्तर, ईपीएसजी कोड 32643. हा गोवा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा सगळ्याला चालतो. 78 रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीला झोन 44, कोड 32644. हे का एवढं ताणून सांगतोय, तर डिफॉल्टला अक्षांश-रेखांशातली फाइल येऊ शकते आणि मग क्षेत्र चौरस अंशात निघतं, ज्याचा काही उपयोग नाही.

दोन्ही बँड क्यूजीआयएसमध्ये ओढून टाका, रास्टर मेनूतला रास्टर कॅल्क्युलेटर उघडा, एनडीडब्ल्यूआयचा फॉर्म्युला लिहा, कंस नीट. आलेल्या लेयरवर परत कॅल्क्युलेटर चालवा: एनडीडब्ल्यूआय शून्यापेक्षा मोठा असेल तिथे 1, बाकी 0. आता हा शून्याचा आकडा पवित्र नाही. ट्रू कलरच्या वर तुमचा पाण्याचा लेयर अर्धा पारदर्शक करून ठेवा आणि काठ जुळतोय का बघा, नाही जुळला तर 0.05 करा, −0.05 करा, पण एकदा ठरवलेला आकडा सगळ्या तारखांना तोच ठेवा, आणि जिथे ठेवता आला नाही तिथे का बदलला ते लिहून ठेवा. शेवटी प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये रास्टर लेयर युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट शोधा, तो 1 आणि 0 चे पिक्सेल किती आणि क्षेत्र किती चौरस मीटर ते देतो. 100 पिक्सेल म्हणजे एक हेक्टर. झालं.

हे क्षेत्र आहे, साठा नाही, हे मात्र विसरू नका. पसरलेल्या पाण्यावरून टीएमसी काढायला कुठल्या पातळीला किती क्षेत्र आणि किती साठा याचा तक्ता लागतो, आणि गाळ साचत गेला की तो तक्ता जुना होतो. नाशिकची मेरी संस्था सॅटेलाइट चित्रांवरून धरणातल्या गाळाचा अभ्यास करते तो याच तत्त्वावर: वेगवेगळ्या पातळीच्या दिवशीचं पाण्याचं क्षेत्र मोजायचं आणि मूळ तक्त्याशी ताडून बघायचं. तुम्हाला हौस असेल तर जलसंपदा विभागाचे रोजचे पातळीचे आकडे घेऊन हे घरी करून बघता येतं, आणि माझ्या मते शिकायला यापेक्षा चांगला व्यायाम नाही, कारण तुमचं उत्तर बरोबर का चूक ते लगेच कळतं.

तारखांची तुलना, एक नियम आणि एक खड्डा

नियम: मे ची तुलना मे शी. या वर्षीच्या ऑक्टोबरची तुलना मागच्या वर्षीच्या एप्रिलशी करून "बघा किती हिरवं झालं" असे स्लाइड शो जलसंधारणाच्या कामांच्या कौतुकात भरपूर फिरतात. पावसाळ्यानंतर सगळंच हिरवं असतं हो! काम झालंय का बघायचं तर काम व्हायच्या आधीचा मार्च-एप्रिल आणि नंतरचा मार्च-एप्रिल, तो पण साधारण सारख्या पावसाच्या वर्षांचा, आणि शेजारचं काम न झालेलं एक गाव सोबत घेऊन. शेजारचं गाव पण तेवढंच हिरवं झालं असेल तर ते श्रेय पावसाचं, किंवा नवीन बोअरचं.

खड्डा: 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या मूळ फाइलींमध्ये प्रत्येक पिक्सेलला 1000 चा ऑफसेट मिळवलेला आहे. तुम्ही मूळ फाइली उतरवून, ते वजा न करता, 2021 आणि 2023 ची तुलना केली तर एनडीव्हीआय सगळीकडे खाली आलेला दिसेल आणि तुम्हाला वाटेल जिल्हा वाळला. ब्राउझरमधून काढलेल्या चित्रात हे सांभाळलेलं असतं, गुगल अर्थ इंजिनमध्ये (गुगलचं सॅटेलाइट डेटावर ऑनलाइन काम करायचं साधन) नावात हार्मोनाइज्ड असलेलं कलेक्शन घ्या.

जंगल आणि माळरान

विदर्भातलं सागाचं जंगल फेब्रुवारीपासून पानं टाकतं. ताडोबाच्या आसपासचं डिसेंबरचं आणि एप्रिलचं चित्र शेजारी ठेवलं तर जंगल तुटलं असं वाटेल, तुटलेलं नसतं, ओकंबोकं झालेलं असतं. म्हणून तोड शोधायची तर एकाच हंगामाच्या दोन-तीन वर्षांच्या तारखा घ्या. उलट बाजूने, एनडीव्हीआय उंच म्हणजे चांगलं जंगल असंही नाही. घाणेरी माजली तरी हिरवं, दोडामार्गकडे जंगल जाऊन रबर आलं तरी वरून हिरवंच. रबराची पानगळ आणि पालवी सदाहरित जंगलापेक्षा वेगळी चालते, म्हणून तिथे एक चित्र नाही, वर्षभराचा ग्राफ लागतो.

आणि माळरानाबद्दल मला राग आहे तो बोलून टाकतो. सोलापूर-नगरकडचं माळ वर्षातले आठ महिने पिवळं-तपकिरी असतं, ते तसंच असायला पाहिजे. माळढोक, लांडगे, काळवीट, धाविक यांचं घर आहे ते, नान्नजचं अभयारण्य उगाच नाही झालं. एनडीव्हीआय कमी दिसला म्हणून त्याला पडीक ठरवायचं आणि खड्डे खणून झाडं लावायची, मग पुढच्या रिपोर्टात हिरवं वाढलं म्हणून टाळ्या. तुमच्या नकाशाचा रंगपट्टा करताना तपकिरी म्हणजे वाईट आणि हिरवा म्हणजे चांगला असं मनात धरू नका, कारण नकाशा बघणारा तेच धरणार आहे.

सह्याद्रीत अजून एक लफडं: डिसेंबर-जानेवारीत सकाळी अकराला सूर्य आग्नेयेला खाली असतो, कोकणकड्यांच्या वायव्येकडच्या बाजूला गडद सावली, ती पाणी म्हणून मोजली जाते. कड्यावर तलाव दिसला तर तो सावलीचा आहे.

पावसाळ्यात रडार

जून ते सप्टेंबर सेंटिनेल-2 म्हणजे नुसते ढग. तेव्हा सेंटिनेल-1. हा स्वतः मायक्रोवेव्ह सोडतो आणि परत आलेली मोजतो, त्यामुळे ढग असो, रात्र असो, फरक पडत नाही. सपाट पाणी लहरी पलीकडे परावर्तित करून टाकतं, परत काही येत नाही, म्हणून ते काळं. 2019 आणि 2021 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुराच्या तारखा काढून बघा आणि शेजारी त्याच वर्षीची पुराआधीची तारीख ठेवा, कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी झालेली शिवारं दिसतील. दोन्ही तारखा एकाच दिशेच्या फेरीच्या घ्या, असेंडिंग (दक्षिणेकडून उत्तरेकडे) असेल तर असेंडिंगच.

यातही गोम आहेच. उभ्या उसात पाणी शिरलं तर ते काळं दिसेलच असं नाही, लहरी पाण्यावर आणि मग उसाच्या बुडख्यांवर आपटून परत येतात आणि शेत उलट जास्त उजळ दिसू शकतं. म्हणजे ऊसपट्ट्यात पुराचं क्षेत्र कमी मोजलं जातं. कोकणात जुलैमध्ये भातखाचरं पाण्याने भरलेली असतात, तिथे उलटं, पूर नसताना पूर दिसतो. आणि जोराचा वारा असेल तर धरणाचं पाणी खडबडीत होऊन व्हीव्हीमध्ये उजळतं, तेव्हा व्हीएच बघा (हे रडारचे दोन चॅनेल, ब्राउझरमध्ये निवडता येतात).

दरड कोसळली तर? माळीण 2014, इर्शाळवाडी 2023, दोन्ही जुलैत, म्हणजे ढगात. स्वच्छ चित्र मिळायला बहुतेक पावसाळा संपायची वाट बघावी लागते, तेव्हा डोंगराच्या हिरव्यात तपकिरी ओरखडा दिसतो.

आगी

वणव्यासाठी नासाचं फर्म्स नावाचं संकेतस्थळ बघा, ठिपके दिसतात. ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नाही, तिथल्या व्हीआयआयआरएस या सेन्सरचा पिक्सेल 375 मीटरचा असतो. आणि फेब्रुवारी ते मेमध्ये प्रत्येक ठिपका वणवा नसतो, उसाचं पाचट असतं, कोकणात राब भाजणं असतं. खात्री करायला नंतरच्या सेंटिनेल-2 वर काळा डाग शोधा.

मग शिवारफेरी

एवढं सगळं झाल्यावर नकाशा घेऊन जागेवर जा. फोनमध्ये क्यूफील्ड हे अ‍ॅप टाकलं तर तुमचा क्यूजीआयएसचा नकाशाच फोनवर उघडतो आणि तुम्ही कुठे उभे आहात ते त्यावर दिसतं. वीस-तीस जागा आधीच निवडून ठेवा, निवडताना ज्यांची खात्री आहे त्याच नाही तर ज्यांची अजिबात खात्री नाही त्या जास्त घ्या, आणि शक्यतो चित्राच्या तारखेच्या आठवड्याभरात जा. प्रत्येक ठिकाणी चार दिशांचे फोटो, तारीख, पीक कुठलं, किती उंच, आणि भेटलेल्या माणसाला विचारा हे दोन महिन्यांपूर्वी काय होतं. मासेमारी करणारे लोक पाणी कुठल्या महिन्यात कुठवर होतं ते बोट दाखवून सांगतात, आणि ती रेघ तुमच्या लेयरवर जुळते का नाही हा सगळ्यात कडक पेपर. किती जागा बरोबर निघाल्या, किती चुकल्या याचा साधा तक्ता करा आणि नकाशासोबत तो पण द्या.

पुढे काय

आठवडाभराने हात बसला की मग गुगल अर्थ इंजिन शिका, बिगर-व्यावसायिक कामाला फुकट आहे, रजिस्ट्रेशन लागतं, थोडं जावास्क्रिप्ट लागतं, पण चाळीस वर्षांचा लँडसॅट डाउनलोड न करता चालवता येतो. कोड लिहायचा नसेल तर ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर उघडा, 1984 पासून कुठे पाणी कायम होतं, कुठे येऊन-जाऊन, ते लँडसॅटवरून काढून ठेवलेलं आहे. आपल्याकडचं बघायचं तर हैदराबादच्या एनआरएससीचं (इस्रोचं रिमोट सेन्सिंग केंद्र) भुवन, त्यात जमीन वापराचे थर आहेत, आणि भूनिधी पोर्टलवर रिसोर्ससॅट या आपल्या सॅटेलाइटचा डेटा. दुष्काळाचं कसं ठरतं याची उत्सुकता असेल तर केंद्राचं 2016 चं दुष्काळ मॅन्युअल वाचा, पाऊस आणि पेरणीसोबत एनडीव्हीआय, एनडीडब्ल्यूआय त्यात आहेत. निसार हा नासा-इस्रोचा रडार 30 जुलै 2025 ला गेलाय, त्याचा एल बँड (सेंटिनेल-1 पेक्षा लांब लहरींचा) झाडोऱ्याच्या आतपर्यंत जास्त जातो, त्यामुळे वर सांगितलेली उसातल्या पुराची अडचण त्याच्यावर तपासून बघायला हरकत नाही.

फाइलींची नावं पहिल्या दिवसापासून तारीख-सॅटेलाइट-जागा अशी ठेवा. "फायनल", "फायनल2", "फायनल खरं" असली नावं ठेवलीत तर सहा महिन्यांनी कुठला आकडा कुठल्या मेचा हे तुम्हालाच सांगता येणार नाही.